कणकुंबीचे पाणी आणि पदवीचे तीन विषय

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी घरांतून माझ्याकडे एकच विचारणा वेगवेगळ्या तोंडांनी येते. मुलीला मीडिया शिकायचे आहे, आर्ट्सला प्रवेश घेते म्हणते, पुढे तिचे काय होईल? विचारणाऱ्यांत उसाचे शेतकरी असतात, उद्यमबागेतील फाउंड्रीत राबणारे असतात, प्राथमिक शाळेतील गुरुजी असतात, आणि त्यांच्या विचारण्यामागे घरातील वर्षानुवर्षांची बचत उभी असते. त्यामुळे त्यांना नुसता धीर देणारे किंवा नुसते घाबरवणारे उत्तर देणे मला पटत नाही. मी स्वतः बेळगावच्या एका कला महाविद्यालयात इतिहास, अर्थशास्त्र आणि पत्रकारिता हे तीन विषय घेऊन पदवी घेतली, पुढे कोल्हापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षे काम केले, आणि आता बेळगावात राहून उपशीर्षके, अनुवाद आणि संस्थांसाठीचे लेखन यांवर चरितार्थ चालवते. त्याच्या जोडीला पत्रकारितेच्या वर्गावर तासिका तत्त्वावर शिकवते. या सगळ्यातून माझे एक मत पक्के होत गेले आहे. माध्यमांचा अभ्यास हा एकट्याने चालणारा अभ्यास नाही, त्याला दुसऱ्या एखाद्या विषयाची भक्कम सोबत लागते, आणि ती सोबत देण्याची शक्ती आपल्या भागातील साध्या कला महाविद्यालयांत अजून शिल्लक आहे.

‘लिबरल आर्ट्स’ हे नाव आपल्याकडे अलीकडे रुळले ते खासगी विद्यापीठांमुळे. पुण्यात सिम्बायोसिसने २०११ मध्ये त्या नावाचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले, फ्लेम विद्यापीठही पुण्याचेच, आणि सोनीपतचे अशोका विद्यापीठ २०१४ पासून चालू आहे. तिथे विद्यार्थी एक मुख्य विषय आणि एक दुय्यम विषय निवडतो, माध्यमांच्या जोडीला मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊ शकतो, आणि त्यासाठी वर्षाला काही लाख रुपये भरतो. तिथली ग्रंथालये, लहान वर्ग आणि बाहेरून येणारे व्याख्याते यांचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र या शिक्षणाचा गाभा, म्हणजे एकाच विद्यार्थ्याने तीन-चार वर्षे अनेक ज्ञानशाखांत समान गांभीर्याने वावरणे, हा कर्नाटकातील बीएच्या जुन्या रचनेत होताच. तीन विषय, तिन्हींना सारखे वजन, जोडीला दोन भाषा. नव्या राष्ट्रीय धोरणानुसार २०२१-२२ पासून राज्यात चार वर्षांची पदवी आली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी व तीन विषय ही रचना परतली. या उलथापालथीत एका पिढीच्या विद्यार्थ्यांची फरफट झाली हे खरे, तरी तीन विषयांचे परतणे मला मनापासून योग्य वाटते. त्याचे कारण सांगायला खानापूर तालुक्यातील कणकुंबीपर्यंत जावे लागेल.

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीच्या खोऱ्यातील कळसा नाला त्याच परिसरातला. कळसा आणि भांडुरा या दोन नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून ते हुबळी-धारवाड आणि आसपासच्या गावांना पिण्यासाठी द्यावे अशी कर्नाटकाची योजना आहे, आणि वरचे पाणी असे वळवले तर खाली म्हादई आटेल व तिच्यावर जगणारे जंगल व शेती धोक्यात येईल असे गोव्याचे म्हणणे आहे. २०१० मध्ये या तंट्यासाठी लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी, गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ टीएमसी असे आकडे जाहीर झाले आणि तेच मथळ्यांत गेले. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर.

मी वर्गात हा निवाडा घेते तेव्हा पहिला तास केवळ एका आकड्यावर घालवते. १३.४२ टीएमसी म्हणजे हुबळी-धारवाडला मिळणारे पाणी, असे वाचकाच्या मनात सहज बसते. प्रत्यक्षात त्यातील ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे, म्हणजे ते वापरून पुन्हा नदीतच सोडायचे आहे, आणि मलप्रभेत वळवायला परवानगी आहे ती ३.९ टीएमसीला, त्यात कळशाचा वाटा १.७२ आणि भांडुऱ्याचा २.१८. ही विभागणी ठाऊक असलेला बातमीदार बेळगावात, पणजीत किंवा धारवाडात कुठेही बसून लिहो, त्याची बातमी उभी राहते. ज्याला ती ठाऊक नाही त्याने कितीही चांगले चित्रीकरण केले तरी तो नेत्यांची विधाने एकामागून एक लावण्यापलीकडे जात नाही. टीएमसी पत्रकारितेच्या पाठ्यपुस्तकात नसतो. तो भूगोलात असतो, पाणीवाटपाचे तत्त्व राज्यशास्त्रात असते, आणि ज्या शेतकऱ्याला हे पाणी हवे आहे त्याचे पीक, कर्ज आणि बाजारभाव अर्थशास्त्रात असतात.

इतिहासही तिथे लागतोच. २०१५ पासून नरगुंद-नवलगुंद भागातील शेतकरी म्हादईच्या पाण्यासाठी दीर्घ काळ आंदोलन करत होते तेव्हा बाहेरून आलेल्या अनेक वार्ताहरांना तो अचानक उसळलेला राग वाटला. त्याच भागात १९८० मध्ये मलप्रभेच्या कालव्यांवरील आकारणीच्या विरोधात शेतकरी उठले होते, गोळीबार झाला होता, आणि कर्नाटकाच्या शेतकरी चळवळीला तिथूनच जोर आला होता. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, आपल्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, शरद जोशी त्यांचे नेतृत्व करत होते, आणि तिथेही गोळीबारात माणसे मेली. एक आंदोलन कन्नड भाषकांचे आणि एक मराठी भाषकांचे म्हणून आपण ती दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. अर्थशास्त्राच्या वर्गात बसलेल्या मुलीला मात्र ती शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि त्यातून तिला जो लेख सुचेल तो केवळ कॅमेरा चालवायला शिकलेल्या मुलीला सुचणार नाही.

तंत्राविषयी फार लिहायचे कारण नाही. कॅमेरा, संकलनाचे सॉफ्टवेअर, पान लावणे, आवाज स्वच्छ करणे हे सगळे यायलाच हवे, आणि मन लावले तर ते काही महिन्यांत येते. मी शिकले ती सॉफ्टवेअरे आज कुणी वापरत नाही. कळसा-भांडुऱ्याचे आकडे वाचण्याची जी सवय अर्थशास्त्राच्या सरांनी लावली ती मात्र रोज वापरात आहे.

सीमाभागातील विद्यार्थ्याला माध्यमशास्त्राचा आणखी एक धडा जन्मतःच मिळालेला असतो, फक्त तो कुणीतरी समोर मांडून दाखवावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली आणि हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्या तारखेला एकाच शहरात कन्नड भाषकांची राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषकांकडून काळा दिनही पाळला जातो. दुसऱ्या दिवशीची मराठी आणि कन्नड दैनिके मी टेबलावर शेजारी ठेवते आणि विद्यार्थ्यांना सांगते की खरे-खोटे नंतर पाहू, आधी पहिल्या परिच्छेदात कोण आहे ते पाहा, छायाचित्र कोणत्या गल्लीतले आहे, कुणाचे म्हणणे अवतरणात आहे, आणि कोणती गोष्ट आतल्या पानात गेली आहे ते लिहून काढा. अमेरिकेतील चॅपल हिल या गावी १९६८ च्या निवडणुकीच्या वेळी मॅकॉम्ब्ज आणि शॉ या संशोधकांनी मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि वृत्तपत्रे कोणत्या प्रश्नांना जागा देतात हे ताडून पाहिले होते, आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून माध्यमे लोकांच्या विचारांचा विषय ठरवतात ही मांडणी पुढे आली. जगभरचे विद्यार्थी तो अभ्यास पुस्तकातून वाचतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी एक अंक येतो आणि शेजारच्या घरी दुसरा. दोन्ही वाचले की सिद्धान्ताचा अर्थ आपोआप उलगडतो.

हा तास घेताना वर्गात ताण येतो, आणि तो यावा असेच मला वाटते. सीमाप्रश्न हा आमच्या घरांतील जखमेचा विषय आहे; महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि या सगळ्या काळात बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांनी लोकांची बाजू मांडण्याचे काम केले आहे. बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये इथे ‘तरुण भारत’ सुरू केला तेव्हा वृत्तपत्र चालवणे आणि सार्वजनिक चळवळीत असणे यांत अंतर नव्हते. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना इथेच केली, आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये याच शहरात भरले. अशा शहरातील विद्यार्थ्याला बाजू असणारच. माझी अपेक्षा इतकीच की आपली बाजू मांडतानाही समोरच्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत आणि पूर्ण उतरवण्याची शिस्त त्याच्या अंगी असावी.

त्यासाठी कन्नड वाचता यावे लागते. या मुद्द्यावर माझे घरच्या मोठ्यांशीही मतभेद झाले आहेत. आत्या एकदा रागाने म्हणाली, “आपल्या मुलांस्नी मराठीच धड येईना झालंय, आणि तू कानडी शिका म्हणून सांगत फिरतीस होय?” तिचे दुःख मला समजते. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात हा देशपातळीवर मान्य झालेला निकष आहे आणि तो इथे पाळला जावा हा आग्रह संपूर्ण रास्त आहे. पण कोणती सूचना मराठीत निघाली नाही, हे दाखवून देण्यासाठीदेखील कन्नडमध्ये काय निघाले ते आधी वाचावे लागते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे, आणि खानापूर तालुक्यातील ग्रामपंचायतीकडून येणारे ते उत्तर बहुधा कन्नडमध्ये असते. ज्या मुलीला ते स्वतः वाचता येते तिला कुणाच्या तोंडी सारांशावर विसंबावे लागत नाही. भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी घेऊन पदवी करण्याची सोय आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे आणि ती टिकायला हवी; त्याच्या जोडीने कन्नड लिपी आणि कार्यालयीन कन्नड शिकणारा मराठी पत्रकार आपल्या गावाच्या अधिक कामाचा ठरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता नोकरीविषयी, कारण पालकांना खरे तर तेच ऐकायचे असते. मराठी वृत्तपत्रांत सुरुवातीचा पगार कमी आहे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ कर्मचारी मानले जात नाही; मानधन तुटपुंजे असते, आणि दिवाळी अंकासाठी किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच पडते. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात मागायची त्याच्याविरुद्धची बातमी संध्याकाळी कशी द्यायची, हा पेच नीतिशास्त्राच्या तासाला चर्चेचा वाटतो, तालुक्यात तो दर आठवड्याला समोर येतो. पत्रकारांच्या वेतनासाठी मजिठिया मंडळाच्या शिफारशी केंद्राने २०११ मध्ये अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि तरीही कंत्राटी नेमणुकांमुळे असंख्य उपसंपादकांपर्यंत त्यांचा लाभ पोहोचला नाही. हे प्रवेशाच्या वेळी लपवून ठेवणाऱ्या महाविद्यालयांवर माझा राग आहे. माहितीपत्रकावर दूरचित्रवाणीच्या प्रसिद्ध निवेदकांची छायाचित्रे छापण्याऐवजी आपले गेल्या काही वर्षांतील विद्यार्थी आज कुठे आहेत आणि काय मिळवतात हे त्यांनी छापावे.

तरीसुद्धा मी मुलींना हा विषय घेऊ नका असे सांगत नाही, कारण वृत्तपत्राच्या दाराबाहेर या शिक्षणाला आज जितकी मागणी आहे तितकी मी शिकत होते तेव्हा नव्हती. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत वावरणारी मुले बेळगावात सहज सापडतात आणि पुण्या-मुंबईत शोधावी लागतात. चित्रपट आणि मालिकांची उपशीर्षके करण्याचे काम मिनिटांच्या हिशेबाने मिळते; पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी बसवायच्या आणि त्या वाचून होईपर्यंत पात्राचा चेहराही प्रेक्षकाला पाहू द्यायचा, या कामात व्याकरणाइतकीच नाटकाची जाण लागते. मोबाइलवरील सेवा, बँकांची माहितीपत्रके, आरोग्य योजनांचे व्हिडिओ हे सगळे प्रादेशिक भाषांत आणायला माणसे हवी असतात. उद्यमबागेतील हायड्रॉलिक्स आणि कास्टिंगच्या कारखान्यांना परदेशी ग्राहकांसाठी स्वच्छ इंग्रजीत माहिती आणि चित्रफिती लागतात. सहकारी साखर कारखाने आणि पतसंस्था दरवर्षी वार्षिक अहवाल छापतात. रुग्णालयांना, सामाजिक संस्थांना आपले काम नोंदवून ठेवणारी व्यक्ती लागते. यांतील पुष्कळ कामे यंत्र करू लागले आहे, साधा अनुवाद आणि साधी बातमी तर करतेच, आणि त्यामुळे सुरुवातीच्या जागा कमी होतील अशी धास्ती माझ्या विद्यार्थ्यांना वाटते. ती धास्ती खरी आहे. पण यंत्राने दिलेल्या मजकुरात १३.४२ आणि ३.९ यांतला गोंधळ ओळखणारे माणूस त्यानंतरही लागणारच, आणि तिथे पुन्हा दुसरा विषय कामी येतो.

पदवीनंतर पुढे शिकायचे तर बेळगावची जागा सोयीची आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा आहे, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. तिन्हीकडे जाऊन सुटीला घरी येता येते. पुण्यात विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग आणि चित्रपटाकडे ओढ असेल तर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावतीला केंद्र असून तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालतो, याची आपल्या भागात अनेकांना कल्पनाच नसते. माझा सल्ला असतो की पदवीनंतर निदान एक वर्ष कुठेतरी प्रत्यक्ष काम करावे आणि मग पदव्युत्तर शिक्षणाला जावे, म्हणजे तिथे काय विचारायचे ते कळते.

एका गोष्टीवर मात्र मी कोणतीही तडजोड ऐकून घेत नाही, ती म्हणजे कायद्याचा पेपर. हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण आज गावचे वृत्त देणारा चॅनेल काढतो आहे, आणि अत्याचाराला बळी पडलेल्या अल्पवयीन मुलीचे घर, शाळा, आईवडिलांचा चेहरा सर्रास दाखवला जातो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे कलम २३ मुलाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास मनाई करते. त्यात नावाबरोबर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार हे सगळे येते. लहान गावात नुसते गल्लीचे नाव दिले तरी ओळख पटते. हा पेपर गंभीरपणे शिकलेला एखादा तरी मुलगा प्रत्येक तालुक्यात असला तर किती कुटुंबांचे आयुष्य वाचेल, या विचाराने मी त्या तासाची तयारी सर्वांत जास्त करते.

आमच्या महाविद्यालयांकडे माझी मागणी मोठी नाही. पत्रकारितेचा विषय जिथे जिथे आहे तिथे विद्यार्थ्यांनी दर महिन्याला मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील चार पानांचा प्रायोगिक अंक काढावा; दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकमेकांच्या बातम्या तपासाव्यात; इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी प्रत्येकी एक पान पाहावे. संगणक आहेत, झेरॉक्सचा खर्च फारसा नाही, आणि छापायला पैसे नसले तर अंक मोबाइलवर पाठवता येतो. पहिल्या अंकासाठी मी यंदाच्या मुलांना कळसा-भांडुऱ्याचा विषय सुचवला आहे. कणकुंबीच्या मुलांनी मराठीत लिहायचे, धारवाडकडून आलेल्या मुलांनी कन्नडमध्ये लिहायचे, आणि दोन्ही लेखांतील आकडे जुळेपर्यंत अंक सोडायचा नाही असे ठरले आहे.